दुसरं वल्हं

डोंगा उलटला तेव्हा मी पाण्याखाली डोळे उघडले. उघडायला नको होते. शिंगाड्याचं तळं वरून दिसतं ते वेगळं आणि खालून दिसतं ते वेगळं. वर हिरव्या पानांची चटई असते. खाली नुसती मुळं लोंबत असतात, बाईनं न्हाऊन केस सोडावेत तशी. त्या केसांत मी होते. पाण्यात वास येत नाही म्हणतात, पण येतो. कुजलेल्या पानांचा आणि गार गाळाचा. हाताला लाकूड लागलं, ते धरलं आणि डोकं वर काढलं. डोंगा पालथा पडला होता. समोर हातभर अंतरावर माझी नात आचल पाण्यावर उताणी पडली होती, डोळे मिटून, अजिबात न हलता. माझा म्हातारा कुठंच दिसत नव्हता.

धुकं होतं. धुक्यात पाणकोंबड्या ओरडत होत्या. त्यांचं रोजचंच चाललं होतं.

काल घराला चुना मारायला माणूस आला म्हणून हे सगळं पुन्हा वर आलं. टीव्हीच्या खाली भिंतीत एक फळी ठोकलेली आहे. तो म्हणाला, "आजी, फळी काढू काय? काही ठेवलं तं नाही यावर."

"राहू दे."

"कायची होय हे? वाकडी आहे."

"डोंग्याची."

तो हसला. म्हणाला, डोंग्याची फळी घरात कोण ठोकते. मी म्हटलं, तू चुना मार.

ती फळी म्हाताऱ्यानं आमच्या जुन्या डोंग्यातून कापली होती. पन्नासेक वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड. हवा दमट असली की तिला अजून वास सुटतो, डांबराचा आणि मासळीचा. त्या फळीवर ठेवायची वस्तू तेव्हा बाजारात आलीसुद्धा नव्हती. आचलनं मोबाइलात तिचं चित्र दाखवलं, खाली लांबी-रुंदी लिहिली होती, आणि म्हाताऱ्यानं ती वितीनं आणि बोटांनी मोजून घेतली. दोन बोटं जास्त सोडली. म्हणाला, "वस्तूले श्वास घेवाले जागा पायजे."

ती वस्तू म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळायचा डबा. आचलचे आईबाप नागपूरला कामाला होते, खोली एवढीशी, म्हणून पोरगी आमच्याकडं राहून सानगडीला शिकायची. एका उन्हाळ्यात ती महिनाभर नागपूरला गेली आणि घरमालकाच्या पोराजवळ बसून तो डबा खेळून आली. आल्यावर तिची बोटं रिकामी असली की हलत राहायची, भाताच्या ताटातसुद्धा. मग कळलं की त्या डब्याचा नवा अवतार निघणार आहे, दिवाळीच्या मागून, आणि नागपूरच्या एका दुकानात आधी थोडे पैसे भरून नाव लावलं तर पहिल्या दिवशी मिळणार आहे. बाकीचे पैसे त्याच दिवशी सकाळी द्यायचे.

ती आधी माझ्याकडं आली नाही. ओसरीत जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्याकडं गेली.

"आबाजी, एक सांगू?"

"सांग."

"नवीन निघून राहिला तो. पयल्याच दिवशी पायजे मले."

"पयल्याच दिवशी काहून? दुसऱ्या दिवशी सडते काय तो?"

"दुसऱ्या दिवशी तं सगळेच घेतेत."

मी आतून विचारलं किती पैसे. तिनं सांगितलं. मी तांदूळ निवडत होते, सूप खाली ठेवलं.

"येवढ्यात म्हैस येते."

"म्हैस टीव्हीले लागत नाही, आजी."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी मलाच द्यावं लागलं.

तिला तो डबा का पाहिजे होता हे मला आजही कळत नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं कळलं की तिला पहिल्या हाताची वस्तू पाहिजे होती. तिची पुस्तकं जुनी, सायकल चुलतभावाची, गणवेश शेजारच्या पोरीचा. माझं तरी काय, लग्नातलं लुगडं जावेचं होतं, त्याच्यावर तिच्या हळदीचा डाग होता. मी तो डाग लपवून मंडपात बसले. त्यामुळं पोरीला नाही म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

आमच्या तळ्यावर एक रीत होती. आषाढात शिंगाड्याचे वेल लावताना घरातल्या एखाद्या कामासाठी एक ओळ वेगळी लावायची. तिला नावाची ओळ म्हणायचे. कोणाच्या लग्नाची ओळ, कोणाच्या विहिरीची. त्या ओळीचा पैसा घरात वापरायचा नाही, दुखण्यालासुद्धा नाही. तोडताना तिच्यातला एक शिंगाडा तोंडात टाकायचा नाही. त्या वर्षी म्हाताऱ्यानं दोन ओळी लावल्या. शेजारच्या डोंग्यावरच्यानं विचारलं, "कोणाचं लगन होय, भाऊ?" म्हातारा म्हणाला, "टीव्हीचं."

सगळ्या तळ्यावर ते पसरलं. बाया मला घाटावर विचारायच्या, "काय वो, टीव्हीच्या सासरचे कवा येऊन राहिले?"

म्हाताऱ्याला रुपयांचा अंदाज येत नसे. त्याचा अंदाज टोपल्यांत चालायचा. डब्याची किंमत त्यानं टोपल्यांत करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं खर्रा सोडला. चाळीस वर्षं सकाळी उठल्यावर तंबाखू-सुपारी घोटणारा माणूस. प्लास्टिकच्या पन्नीत तो खर्रा चोळायचा त्याची चरचर ऐकून मी जागी व्हायची. ती चरचर बंद झाली आणि घरात काहीतरी मेल्यासारखं वाटलं. त्याचा हात मात्र दिवसातून शंभरदा खिशाकडं जायचा, रिकामा तोंडाशी यायचा आणि मिशीवरून फिरून खाली पडायचा.

मी काही सोडलं नाही. माझ्याकडं सोडण्यासारखं नव्हतं.

आश्विन लागला की तोडणी सुरू व्हायची. सकाळी तळ्यावर डोंगे निघायचे आणि वल्हं वर घेतलं की म्हातारा ते डोंग्याच्या काठावर तीनदा आपटायचा. टक, टक, टक. पाणी झटकायची सवय. धुक्यात माणूस दिसला नाही तरी तो कुठं आहे हे मला त्यावरून कळायचं. वेल उचलायची, उलटी करायची, काटे चुकवून फळ खुडायचं. काटे चुकत नाहीत. पायाला जळू लागायची, ती मिठानं पडायची. घरी आल्यावर मोठ्या हंड्यात शिंगाडे उकडायचे. त्या वाफेला तापलेल्या मातीचा वास येतो, मागून थोडा गोड. तो वास केसांत, चादरीत, भातात सगळीकडं. सोलून सोलून बोटं काळी व्हायची. आचलची बोटंही काळी झाली. शाळेतल्या मास्तरणीनं विचारलं, शाई सांडली काय. ती म्हणाली, "नाही मॅडम, डबा येऊन राहिला."

सानगडीच्या बाजारात ती माझ्याजवळ बसायची. तिच्या वर्गातल्या पोरी यायच्या, मला वाटायचं ही तोंड लपवेल. ती त्यांनाच विकायची. "घे ना वो, पावशेरानं काय होते? तुझ्या भावालेही ने." संध्याकाळी लहान पोरांना पाढे शिकवायची, त्याचेही पैसे यायचे. पैसे पावडरच्या डब्यात जायचे. त्या नोटांना पावडरचा वास लागला होता.

रात्रीचं जेवण झालं की ती मोबाइलात तो खेळ दाखवायची. म्हातारा चष्मा लावून बघायचा. एकदा त्यानं पडद्यावरच्या खेळणाऱ्याच्या हातातल्या त्या दोन दांड्यांच्या वस्तूकडं बोट दाखवलं.

"हे काय होय?"

"कंट्रोलर. यानं चालवाचा."

"म्हणजे वल्हं."

"हो आबाजी, वल्हंच."

"डब्यासंग किती येतेत?"

"एकच येते."

"मंग मी कायनं खेळू?"

तो गंमत करत होता की नाही हे त्याच्या तोंडावरून कधीच कळत नसे. पण आचलनं मोबाइल खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी चुलीजवळ येऊन मला म्हणाली, "आजी, दुसरं वल्हं येगळं विकत भेटते. आबाजीले सांगू नोको." मी म्हटलं, किती. तिनं आता टोपल्यांतच सांगितलं. सहा.

हे वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा लाडाचा होता. नव्हता. माझ्यावर हात उचललेला माणूस होता तो, तरुणपणी. पण त्यानं माझ्याकडं किंवा पोरांकडं कधी काही मागितलं नव्हतं. ताटात मीठ नसलं तरी मागायचा नाही. तेवढं एकच मागितलेलं मी ऐकलं, मंग मी कायनं खेळू.

शेवटचा आठवडा आला. डब्याचे पैसे पुरे झाले. नावाच्या दोन्ही ओळी उघड्या पडल्या, वेली पिवळ्या झाल्या. सहा टोपल्या काही निघाल्या नाहीत. तळ्यात आता फक्त बियाणं होतं.

शिंगाड्याचं बी सुकू द्यायचं नसतं. पूर्ण पिकलेली, काळी, दगडासारखी फळं पोत्यात भरतात, पोत्याला धोंडा बांधतात आणि तळ्याच्या मधोमध खोल पाण्यात सोडतात. वर बांबूची खूण. उन्हाळ्यात ते उघडून रोपं करायची. तेच फळ वाळवून फोडलं तर उपासाचं पीठ होतं आणि त्याला भाव चांगला मिळतो. हे सगळ्यांना माहीत असतं. बियाणं कोणी काढत नाही. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तोही काढत नाही.

मी म्हटलं, "काढा."

म्हातारा जाळं गुंडाळत होता. "बियाणं होय ते."

"मले माहीत आहे काय होय ते. अर्धं काढा. अर्ध्यात पुढचं साल निघते."

"बियाणं विकत नाही, बुढे."

आचल म्हणाली, "राहू द्या ना आबाजी. एकच पुरते. आपण आळीपाळीनं खेळू."

तिथं विषय संपला होता. मी संपू दिला नाही. मी म्हटलं, "जलमभर दुसऱ्याच्या वल्ह्यानं डोंगा चालवला तुमी. बापाचं वल्हं, भावाचं वल्हं. पोरगी एक तुमच्या नावानं आणाले पाहून राहिली, तं तुमाले शास्त्र आठवते."

दुसरं वल्हं त्याच्यासाठी येणार होतं हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं आचलकडं बघितलं. त्याचा हात खिशाकडं गेला, तोंडाशी आला, मिशीवरून फिरला. 

सकाळी धुक्यात तो डोंग्याची दोरी सोडताना दिसला. म्हणाला, "चाला दोघीबी. भिजलं पोतं जड रायते, एकल्यानं निघत नाही."

आम्ही मधोमध गेलो. आचल पुढं बसली, मी मागं, तो मध्ये. बांबूची खूण सापडली. त्यानं खाली हात घालून पोत्याची दोरी वर घेतली आणि ती मनगटाला गुंडाळली, दोन वेढे. पाण्यावर दोरी हाताला गुंडाळायची नसते. हे त्यानंच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं, शिवी देऊन. पण आता त्याच्या बोटांत धरायची ताकद राहिली नव्हती आणि ते त्याला नातीसमोर दाखवायचं नव्हतं. मी ते वेढे बघितले. मी बोलले नाही.

डोंगा का उलटला ते मला सांगता येणार नाही. मी हात द्यायला उठले होते की बसलेली होते, हे आठवत नाही. मला कोणी विचारलंही नाही. आचलनं आजपर्यंत विचारलं नाही.

ती उताणी पडली होती ते त्याचंच शिकवणं. लहानपणी त्यानं तिला तळ्यात सोडून काठावरून ओरडून शिकवलं होतं, "वेलीत पाय मारू नोको. पाय मारला का वेल धरते. पान होय अन् पडून राय." ती पान होऊन पडली होती. आबाजीचा श्वास पाण्याखाली संपत होता आणि ती हलली नाही, कारण त्यानं सांगितलं होतं हलायचं नाही. मी डोंग्याला धरून ओरडले. काठावरून दोन डोंगे आले. आम्हाला आधी काढलं. त्याला दुपारी काढलं. पोत्यासकट वर आला. दोरी मनगटातच होती.

लोकांनी पोतं काठावर टाकलं. कोणी त्याला शिवेना. जावेचा पोरगा म्हणाला, "काकी, हे जाळून टाकू." मी म्हटलं, "बियाणं आहे. परत पाण्यात सोड." त्यानं सोडलं. माझ्याकडं न बघता सोडलं.

पाचव्या दिवशी डबा बाजारात येणार होता. घरात सुतक, माणसं भरलेली. नागपूरहून आलेल्या पोराला मी बाजूला घेऊन सांगितलं, आज मला कोणी अडवू नका. आचल कोपऱ्यात बसली होती, तिला उठवलं, पावडरचा डबा पिशवीत घातला. दारात जाऊ आडवी आली.

"बुढा जाऊन पाच दिस नाही झाले, अन् खेळणं आणाले चालली काय वो?"

"हो," मी म्हटलं.

"लोक थुंकतीन."

"थुंकू दे. वाट सोड."

नागपूरला दुकानाबाहेर पोरांची रांग होती. सगळे वीस-बावीसचे, हसत होते, फोटो काढत होते. दारावर फुगे लावले होते. आचल त्या रांगेत काळ्या बोटांनी उभी राहिली. मी पायरीवर बसले. तिचा नंबर आला तेव्हा आत गेले. काचेचं दुकान, आत थंडी. दुकानातल्या पोरानं पैसे घेताना नोटा नाकाशी नेल्या आणि हसला, पावडरचा वास आला असेल. डबा पुढं ठेवला. म्हणाला, "एक्स्ट्रा कंट्रोलर देऊ? आज सगळे दोन-दोन घेऊन राहिले."

आचलनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "एकच."

बसमध्ये तिनं तो मांडीवर घेतला. कंडक्टरनं वर ठेवायला सांगितलं तर तिनं ऐकलंच नाही. घरी आल्यावर तिनं तो फळीवर ठेवला. बरोबर बसला, बाजूला दोन बोटं जागा. त्याच संध्याकाळी तिनं तो लावला आणि खेळली. सुतकाच्या घरातून खेळाचा आवाज येतो म्हणून गल्लीत लोक उभे राहिले. मी दार लावून घेतलं. पडद्यावर कोणीतरी पळत होतं. मला काही कळलं नाही. ती दोन तास खेळली, मग तिथंच जमिनीवर झोपली. अशी ती वर्षभर खेळली. मी कधी बंद कर म्हटलं नाही.

पुढच्या आषाढात त्याच बियाण्याचे वेल लावले. मीच लावायला सांगितले. आश्विनात शिंगाडे आले, मोठे, लालसर. गावात कोणी खाईना. बाजारात नेले तर आमच्याकडच्या बाया टोपली बघून पुढं जायच्या. मी हंडाभर उकडले आणि एकटीनं खाल्ले. गोड होते.

आचल आता नागपूरला नोकरी करते. डबा घेऊन गेली. तो जुना झाला म्हणते, त्याच्यानंतरचा नवा कधी निघेल ते पोरं आतापासून बोलतात. तिला विचारलं, तुला पाहिजे का. ती म्हणाली, "नाही आजी, हा चालतो." दिवाळीला येते. शिंगाडा खात नाही. मीही वाढत नाही.

तळं आता दुसऱ्यांकडं आहे. सकाळी धुकं असलं की मी ओसरीत बसते आणि पाण्यावरून आवाज येतो, काठावर वल्हं आपटल्याचा. टक, टक, टक. भूतबित मी मानत नाही. तळ्यावर डोंगे पुष्कळ आहेत. तरी मी मोजते आणि आवाज कुठून येतो ते बघते, आणि मधोमध खोल पाण्याकडंच बघते. चुना मारणारा विचारत होता, आजी, काय पाहून राहिल्या. मी म्हटलं, काही नाही, तू भिंत बघ.

पंचनाम्याचा कागद ट्रंकेत आहे. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. डोंगा का उलटला ते त्यात नाही, डोंग्यात तीन इसम होते एवढं लिहिलं आहे. एक पुरुष, पाण्यात बुडून मयत. जिवंत दोन. नात, वय सतरा. तिची आजी, वय अंदाजे पासष्ट.